हाताने लावलेले नट

"अजून एक हात," असं काका म्हणाले की आम्ही बिल्डिंगमधले सगळे समजून जायचो, चाकं आजही झालेली नाहीत.

म्हणायचे ते चाकाकडे बघत. गोणपाटावर मांडी घालून बसलेले, मांडीत गाडीचं अलॉय चाक आडवं, हातात घासायचा ओला वॉटर पेपर. समोरचा काय विचारतोय ते धड ऐकूनही घ्यायचे नाहीत. "काका, वरच्या टाकीला पाणी आलं का?" "अजून एक हात." आता यावर माणसाने काय बोलायचं?

मी अंबरनाथ पूर्वेला तळमजल्यावर राहते. खिडकीशी शिलाई मशीन आहे. ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. त्याआधी बरीच वर्षं उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात होते. मशीनवर बसलं की खिडकीबाहेर जे असेल ते बघावंच लागतं, आणि माझ्या खिडकीबाहेर काकांची गाडी असायची. लाल, छोटी, सेकंडहँड. कॅम्प एकमधल्या एका शेठकडून घेतलेली. शेठने म्हणे चावी देताना सांगितलं होतं, "साईं, इंजिन छोड़ो, व्हील देखो, अलॉय के हैं." काकांनी ते जरा जास्तच मनावर घेतलं.

काका आता नाहीत. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. मुलीचं नावही बदललंय, तिला आपण सायली म्हणू. नावं का लपवतेय ते वाचता वाचता तुमच्या लक्षात येईल.

आनंदनगर एमआयडीसीत नळ बनवणारी एक कंपनी आहे. काका तिथे बफिंग खात्यात होते. आठवडाभर पितळेचे नळ चकचकीत करायचे आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, घरी गाडीची चाकं. काकू, म्हणजे त्यांची बायको, वैतागून म्हणायच्या, "यांना सुट्टी दिली तरी हे कामावरच जातात. फक्त एक जिना उतरून."

काम कसं चालायचं ते सांगते, कारण पुढे ते लागणार आहे. चाक गाडीवरून उतरवायचं. धुवायचं. गाडीच्या कंपनीने दिलेला लॅकरचा वरचा थर घासून काढून टाकायचा. मग खरखरीत कागद, मग त्याहून बारीक, मग त्याहून बारीक, सगळं पाण्यात भिजवून. मग ड्रिल मशीनला कापडी चकती लावून तिला पॉलिशची वडी फासायची आणि चाकावर फिरवायची. तो आवाज एकदा सुरू झाला की मला माझ्या मशीनचा आवाज ऐकू येत नसे. शेवटी हाताने, सुती फडक्याने. फडकं कुठलं चालेल याचंही शास्त्र. मी एकदा जीन्सचे तुकडे दिले, गाठोडंभर, फुकट. काकांनी एक तुकडा गालाला लावून बघितला आणि परत केला. "जाड आहे ताई. चरा पाडेल." माझ्या जुन्या सुती साडीचा पदर मात्र गालाला लावून बराच वेळ बसले आणि म्हणाले, "हा द्या."

चाक झालं की नाही हे बघायची त्यांची रीत तुम्ही कुठे पाहिली नसेल. ते तोंड बघायचे नाहीत चाकात. वर्तमानपत्र धरायचे समोर. चाकात छोट्या जाहिरातींची अक्षरं उलटी, पण सगळी सुटी सुटी वाचता आली पाहिजेत. एखादी ओळ जराशी पुसट दिसली की पेपर बाजूला. अजून एक हात.

आमचं भांडणही झालंय. एका नवरीचा मोतिया रंगाचा ब्लाउज मी खिडकीच्या दोरीवर लावला होता, त्यावर चाकातून उडालेली काळी शाई. शाईच ती, दुसरा शब्द नाही. मी बाहेर जाऊन जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. काकांनी दोरीवरचा ब्लाउज काढला आणि वर नेला. संध्याकाळी काकूंनी सांगितलं, ते ब्लाउज घेऊन बाथरूममध्ये बसलेत. अर्ध्या तासाने आणून दिला. डाग गेला होता. कापड मात्र त्या जागी एवढं घासलं गेलं होतं की आरपार दिसत होतं. मला रडावं की हसावं कळेना. मी हसले, कारण काकांचा चेहरा इतका पडला होता की दुसरं काही करवेना.

पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

सायलीला लायसन्स मिळून दोन वर्षं झाली होती. गाडी चांगली चालवायची. तरी तिला एकटीला गाडी मिळत नव्हती. काका शेजारी बसणार, आणि बसून त्यांचा उजवा पाय सारखा खाली दाबणार, जणू तिथेही ब्रेक आहे. तिथली रबरी मॅट त्यांच्या टाचेने पार झिजली होती. "बाबा, मी बघितलंय तो ट्रक," सायली म्हणायची. "बघितलास, पण उशिरा बघितलास," काका म्हणायचे. दोघं परत आले की सायलीचं तोंड लाल आणि काकांचा शर्ट घामाने भिजलेला.

"मी एकटी कधी नेऊ?" तिने विचारलं की उत्तर ठरलेलं. "चाकं झाली की."

आणि चाकं व्हायची नाहीत. कशी होणार? वरचं लॅकर काढलं की आतला धातू उघडा. पावसाळी हवेत दोन-तीन आठवड्यांत मंद पडतो. चौथं चाक आरशासारखं होईपर्यंत पहिलं धुरकटलेलं असायचं. काका पुन्हा पहिल्यापासून सुरू. हे मला खिडकीतून कळत होतं, तर रोज नळ घासणाऱ्या माणसाला कळत नव्हतं का? कळत होतं. मी एकदा तोंडावर म्हटलं, "काका, पोरीला गाडी द्यायची नाही असं सरळ सांगा ना."

त्यांनी हातातला कागद पाण्यात बुडवला. म्हणाले, "ताई, बफची चकती फिरत असते तेव्हा नळ एवढासा ढिला धरला ना, तर ती हातातून खेचून घेते आणि फेकते. कुणाच्या तोंडावर बसेल सांगता येत नाही. ढिलाईने काय होतं ते मी रोज बघतो. बाहेर रस्त्यावर सगळे ढिलेच आहेत."

"पण ती ढिली नाही."

"नाही," काका म्हणाले. "ती नाही." आणि पुन्हा घासायला लागले.

भीती होती हो, दुसरं काही नाही. एकुलती एक पोर. भीती वाटते असं बापाने म्हणायचं कसं, म्हणून चाकं पुढे करायची. मला त्यांचा राग यायचा आणि त्याच वेळी कीवही यायची.

आता त्या नटांचं सांगते. शुक्रवारी एखादं चाक घासून झालं की ते लगेच गाडीला परत लावायचे. गाडी विटांवर उभी ठेवणं त्यांना पटत नसे, बिल्डिंगची मुलं खाली चेंडू शोधायला घुसतात. पण नट लावायचे ते हाताने, बोटांनी फिरवून, जेवढे बसतील तेवढेच. पाना लावायचे नाहीत. पाना लावला की नटाभोवती त्या आरशावर चरे पडतात, आणि चाक तर पुन्हा उतरवायचंच आहे. चारही चाकांची फेरी संपली, किंवा स्वतः गाडी बाहेर काढायची असली, की मगच, पान्याला कापड गुंडाळून, काका नट कसणार. तोवर गाडी उभी.

मग घरच्यांना कळायचं कसं की गाडी हलवायची नाही? एकदा काकूंचा भाऊ आला होता, त्याने टेम्पोला जागा करून द्यायला म्हणून गाडी हातभर पुढे घेतली होती. काका पांढरे पडले होते. तेव्हापासून नियम झाला. गाडीच्या पुढच्या पट्टीला लिंबू-मिरची असते ना, ती चाकं उतरवायच्या आधी सोडून ठेवायची. नट कसून झाले की स्वतःच्या हाताने बांधायची. लिंबू नाही म्हणजे गाडीला हात लावायचा नाही. हा नियम सगळ्या बिल्डिंगला पाठ होता. चावी कायम देवघराच्या खिळ्याला. काकांना चावी लपवण्याची कधी गरज वाटली नाही.

शनिवारी आमच्या गल्लीत वांगणीकडची एक म्हातारी लिंबू-मिरच्या घेऊन येते. दुकानं, रिक्षा, गाड्या, सगळ्यांना बांधत जाते. तिलाही काकांनी समजावून ठेवलं होतं, "आजी, माझ्या गाडीला तू बांधायची नाही. वर काकूंच्या हातात द्यायची." म्हातारी वर चढून देऊन जायची.

त्या शनिवारी म्हातारीला ताप होता. तिची सून आली होती. तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. तिने ओळीने सगळ्या गाड्यांना बांधलं, लाल गाडीलाही बांधलं आणि गेली. मी तेव्हा धागे आणायला उल्हासनगरला गेले होते. हे सगळं नंतर कळलं, पण तुम्हाला आधीच सांगून ठेवते.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, काकांनी लिंबू सोडून पुढची दोन चाकं उतरवली होती. त्याच दिवशी घरात भांडण झालं. जिन्यातून सगळं ऐकू येत होतं. सायलीला नाशिकला नोकरी मिळत होती, लॅबमध्ये. गाडी घेऊन जाईन म्हणाली. काका म्हणाले, चाकं होऊ देत. मग ती जे बोलली ते मला शब्दाशब्दाने आठवतं. "बाबा, तुमची चाकं कधीच होणार नाहीत. तुम्हाला ती व्हायलाच नको आहेत. माझ्यावर विश्वास नाही एवढं म्हणा ना एकदा."

काका उठले. खाली आले, चाकं हाताने गाडीला लावली, पाणी फेकलं आणि वर गेले. शनिवारी सकाळी पहिल्या पाळीला निघाले तेव्हाही घरात कुणी कुणाशी बोललेलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी बदलापूरला काकूंच्या भावाच्या नातवाचं बारसं. काकू आणि सायली दुपारीच रिक्षाने जाणार होत्या, काका पाळी सुटल्यावर मागून. मी उल्हासनगरहून परत आले तेव्हा त्या दोघी खाली उतरत होत्या. काकूंच्या अंगावर जांभळी पैठणी, हातात बाळाच्या अंगड्या-टोपड्यांची पिशवी. सायली गाडीपुढे थांबली. पट्टीला ताजं लिंबू, हिरव्यागार मिरच्या. खाली पुढची दोन्ही चाकं अशी लखलखत होती की त्यात तिच्या ड्रेसचा पिवळा रंग दिसत होता.

ती तिथेच खाली बसली. थोड्या वेळाने माझ्याकडे वळली तेव्हा डोळे भरलेले. "मावशी, बाबांनी लिंबू बांधलंय."

"बांधलंय खरं," मी म्हटलं.  चाकं झाली, गाडी ने, असं बोलायला जमत नाही त्या माणसाला, म्हणून कामावर जाताना बांधून गेला, असंच मलाही वाटलं. दुसरं काय वाटणार?

ती धावत वर गेली, चावी घेऊन आली. काकू घाबरत घाबरत पुढे बसल्या. गाडी गेटमधून सावकाश बाहेर पडली, वळली, मी हात केला. पोरगी सीटवर ताठ बसली होती. तिच्या शेजारी पाय दाबायला कुणी नव्हतं.

थोड्याच वेळात काका आले ते घाईघाईत, हातात डबा. गेटपाशी थांबले. गाडीच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, मग माझ्या खिडकीकडे.

"गाडी?"

मी हसत म्हटलं, "गेल्या दोघी. काका, चांगलं केलंत तुम्ही लिंबू बांधलंत ते. पोर रडली हो."

"मी नाही बांधलं," काका म्हणाले.

मला पटकन उमगलं नाही. ते एकदम खिडकीच्या गजांपाशी आले. "ताई, नट हाताने लावलेत. पुढचे दोन्ही. नुसते हाताने."



त्यांनी सायलीला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. परत वाजत राहिला. ती उचलणार नव्हती. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, माझा आला तरी घ्यायचा नाही, हे काकांनीच तिला शपथ घालून शिकवलं होतं, आणि पोरगी शब्द पाळणारी. मग काकूंना लावला. वरून, त्यांच्या बंद घरातून, रिंग ऐकू यायला लागली. फोन चार्जिंगला राहिला होता. काका मान वर करून ती रिंग ऐकत उभे राहिले.

मी मशीनवरून उठले, स्कूटीची चावी घेतली. "बसा," मी म्हटलं.

काका बसले, पण त्याआधी म्हणाले, "हेल्मेट घाला ताई." तेव्हासुद्धा. मी हेल्मेट घातलं. माझ्या खांद्याला हात लागू नये म्हणून त्यांनी मागची कडी धरली होती. 

बदलापूरच्या रस्त्याला पाळी सुटायची वेळ. कंपन्यांच्या बसेस, कंटेनर, शेअर रिक्षा, सगळे एकदम रस्त्यावर. मी आयुष्यात तशी गाडी चालवलेली नाही. चुकीच्या बाजूने घुसले, एका रिक्षावाल्याने शिवी दिली, मी त्याला दुप्पट दिली. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता पुढे गर्दी दिसणार. लोक गोल करून उभे असतील आणि मध्ये काहीतरी लाल असेल. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर नावच आठवेना.

आनंदनगरच्या फाट्याला सिग्नलने अडवलं. काका मागून बोलले, अगदी हळू. "येताना मला दिसली होती ती."

"कोण?"

"गाडी. मी शेअर रिक्षात कडेला बसलो होतो, मान वाकवून. बाहेरचं फक्त खालचं खालचं दिसत होतं. समोरून एक लाल गाडी गेली. तिची चाकं बघितली मी. मनात म्हटलं, अरे वा, आपल्याकडे आणखी कोणी करतं वाटतं एवढं छान." ते थांबले. "खूष झालो मी, ताई."

मला मागे वळून बघायचा धीर झाला नाही. सिग्नल सुटायच्या आधीच मी स्कूटी काढली.

थोडं पुढे गेलो आणि गाडी दिसली. रस्त्याच्या डाव्या कडेला, पाण्याच्या एका टँकरच्या मागे, सरळ उभी. डिकी उघडी. काकू एका दगडावर बसलेल्या, पिशवी मांडीत घट्ट धरून. आणि सायली पुढच्या चाकाच्या नटाला पाना अडकवून, चपला काढून, पान्याच्या दांड्यावर उभी राहून अंगाच्या वजनाने तो दाबत होती. हात काळे, पिवळ्या ड्रेसवर काळे पट्टे. मी स्कूटी उभी केली. मी तिथेच फुटपाथच्या कठड्यावर बसले.

काका चालत गेले. धावले नाहीत. मला वाटतं त्यांना धावता येत नव्हतं.

"बाबा, स्टेअरिंग हाताला थरथरायला लागलं," सायली भराभर सांगत होती, "आधी वाटलं रस्ताच खराब आहे. मग टक टक ऐकू आलं. मी लगेच बाजूला घेतली. बघते तर नट सगळे सैल. या चाकाचा एक तर नाहीच, पडला कुठेतरी. बाकीचे मी कसले. त्या बाजूचे पण कसले." तिने चाकाकडे बघितलं आणि तिचा आवाज खाली आला. "चरे पडले बाबा. सॉरी."

चरे पडले होते. प्रत्येक नटाभोवती, पाना घसरल्याचे, लांबलांब. आरसा पार ओरबाडलेला. काकांनी तिकडे बघितलंही नाही. ते सायलीकडे बघत होते, तिच्या कपाळाकडे, हातांकडे, पायांकडे, जणू एकेक करून सगळं जागेवर आहे ना ते बघतायत. मग काकूंकडे बघितलं.

काकूंचा बांध फुटला. "एवढ्या बारकाईने सगळं करता तुम्ही, आणि नट कसायचे विसरलात? पोरीच्या जिवाशी खेळ झाला असता."

काका काही बोलायच्या आत सायलीने विचारलं, "बाबा, लिंबू तुम्हीच बांधलं होतंत ना?"

मी कठड्यावरून उठले. मला वाटलं, आता सांगतील. मी नाही बांधलं म्हणतील. खरंच होतं ते. एका वाक्यात ते सुटले असते. त्यांची चूक नव्हती, विसरणारा माणूसच नव्हता तो. पण मग सायलीला कळलं असतं की बापाने गाडी दिलेलीच नव्हती. कालचं भांडण जिथल्या तिथे होतं. ती आपल्या मनाने गाडी घेऊन निघाली, आणि पहिल्याच खेपेला हे झालं. त्यानंतर तिने स्टेअरिंगला परत हात लावला असता का, मला माहीत नाही. काकांनीही बहुतेक तेच मोजलं त्या एका क्षणात.

"हो," काका म्हणाले. "मीच बांधलं. सकाळी घाईत होतो. नट कसायचे राहिले. विसरलो."

काकूंनी कपाळाला हात लावला.  सायलीने पाना खाली ठेवला आणि काकांना मिठी मारली, काळ्या हातांनी, त्यांच्या कंपनीच्या शर्टावर. "चुकतं कधी कधी," ती म्हणाली. बापाला समजावत होती.

काकांनी एकेक नट स्वतः पान्याने तपासला. तो पाना फिरला नाही. पोरीने पक्के कसले होते. मग उठले, हात झटकले आणि म्हणाले, "पुढे टायरवाला आहे, त्याच्याकडून एक नट टाकून घे. हळू ने. आईला उशीर होतोय."

"तुम्ही बसा ना गाडीत."

"मी ताईंबरोबर येतो," काका म्हणाले. "तू ने."

सायलीने आरसा नीट केला, मागे बघितलं, हात बाहेर काढून दाखवला आणि गाडी रस्त्यावर घेतली. काकांचा उजवा पाय जमिनीवर घट्ट दाबलेला मी बघितला. गाडी कंटेनरच्या मागे गेली, दिसेनाशी झाली, तरी तो पाय सुटला नाही.

मग ते वळले आणि आलो होतो त्या दिशेने चालायला लागले. मान खाली, कडेची माती, खडी, प्लास्टिकच्या पिशव्या बघत. मी स्कूटी त्यांच्या शेजारून ढकलत चालले. "काका, काय शोधताय?"

"नट पडलाय ना."

"अहो, नवा टाकतेय ती. बसा."

ते चालत राहिले. मला गप्प राहणं जमत नाही. "काका, खोटं कशाला बोललात? काकू आता जन्मभर ऐकवतील तुम्हाला."

"ऐकवू दे," काका म्हणाले. तोंड माझ्याकडे केलं नाही त्यांनी. "ती थांबली ताई. आवाज ऐकला आणि थांबली. मी शेजारी नसताना थांबली." मग त्यांचा आवाज फाटला. ते रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले, मातीत हात घालून नट शोधल्यासारखं करत, आणि मी रहदारीच्या बाजूला आडवी उभी राहिले, रस्त्यावरच्या लोकांना ते दिसू नयेत म्हणून.

काकूंनी खरंच ऐकवलं. पाहुण्यांसमोर, बारशाला, दिवाळीत, सगळीकडे. "नट विसरलेले साहेब." काका मान हलवायचे. बिल्डिंगमध्येही पसरलं. मला फार चीड यायची. एवढ्या चोख माणसाला विसराळू म्हणतात, आणि तो म्हणू देतो. दोनदा माझ्या ओठांवर आलं होतं. काकांनी खिडकीतून माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी सुई तोंडात धरली.

त्यानंतर चाकांना हात लावला नाही त्यांनी. सायली गाडी घेऊन नाशिकला गेली. शुक्रवारी काका खाली यायचे, रिकाम्या जागेत खुर्ची टाकून पेपर वाचायचे. गेल्या वर्षी कंपनीतच छातीत दुखलं. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं सगळं.

सायलीला निरोप गेला तेव्हा ती एकटी गाडी चालवत आली. नाशिकहून, घाट उतरून. येऊन बापाच्या पायाशी बसली.

तेराव्यानंतर ती काकूंना घेऊन निघाली. मी खिडकीतून बघत होते. चाकं पार काळवंडली होती, नटांभोवतीचे चरे तेवढे अजून दिसत होते. काकू आत बसल्या, सामान ठेवलं, तरी सायली गाडीत बसेना. डिकीतून पाना काढला आणि एकेका चाकापाशी वाकून सगळे नट दाबून बघायला लागली. चौथ्या चाकाशी आली तेव्हा माझ्याकडे बघून जरा ओशाळली.

"दर वेळी बघते मावशी. लांब जायचं असलं की. बाबा एकदा विसरले होते ना."

"हो," मी म्हटलं, "विसरले होते."